कामगार की व्यापारी? चॉप सुईमागची गोष्ट

अमेरिकेला निघालेलं कोणीतरी तुमच्या ओळखीत असेलच. म्हणजे एफ-वन, एच-वन-बी हे शब्दही कानावरून गेले असतील. माणूस तोच, पण कोणत्या रकान्यात बसतो त्यावर त्याचं पुढचं सगळं ठरतं. आजची गोष्ट अशाच रकान्यांची. देश अमेरिकाच, पण काळ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा आणि माणसं चिनी.

१८८२ साली अमेरिकेने चिनी कामगारांना देशात यायला बंदी केली. कुशल असो नाहीतर अकुशल, कामगार म्हटला की दार बंद. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी आणि प्रवासी यांना मात्र येता येत होतं. मग प्रश्न आला, कामगार म्हणजे नक्की कोण?

१८९३ च्या दुरुस्तीने ते लिहूनच टाकलं. खाणीत राबणारा कामगार. कपडे धुणारा कामगार. फेरीवाला, मासे सुकवणारा, तेही कामगारच. व्यापारी कोण? ज्याचं ठरलेल्या जागी दुकान आहे, धंद्यात ज्याचं नाव आहे आणि धंद्याला लागेल तेवढं सोडून जो अंगमेहनतीचं काम करत नाही, तो. गावी जाऊन परत यायचं असेल, तर निघण्याआधी वर्षभर आपण व्यापारीच होतो हे सिद्ध करायचं. त्यासाठी दोन साक्षीदार हवेत, आणि तेही चिनी नसलेले! म्हणजे बघा, तुम्ही कोण आहात हे तुमच्या शेजारच्या गोऱ्या माणसाने सांगायचं.

एवढा खटाटोप कशासाठी? घरच्यांसाठी. व्यापाऱ्याच्या बायकोला आणि लहान मुलांना वेगळ्या दाखल्याशिवाय येता येईल, असं १९०० साली सुप्रीम कोर्टाने मान्य केलं होतं. कामगाराने मात्र बायकोला पत्रं लिहायची आणि पैसे पाठवायचे. कित्येकांचा संसार असा टपालानेच झाला.

आता हॉटेलवाल्याचं काय करायचं? तो भाजी विकत घेतो आणि पदार्थ विकतो, पण मधे स्वयंपाक येतो. स्वयंपाक म्हणजे अंगमेहनत! म्हणून बरीच वर्षं तो व्यापारी धरला जात नव्हता. १९१५ मध्ये एका फेडरल कोर्टाच्या निकालाने तो व्यापाऱ्यांत आला. अट मात्र कडक होती. हॉटेल वरच्या दर्जाचं हवं, त्यात तुमची मोठी भागीदारी हवी, वर्षभर व्यवस्थापन तुम्हीच पाहायचं आणि त्या काळात वेटरचं, गल्ल्यावरचं किंवा भांडी घासायचं काम करायचं नाही.

लोकांनी काय केलं ऐका. एकट्याकडे एवढं भांडवल कुठलं? नातेवाईक, गाववाले एकत्र आले, पैसे घातले आणि थाटाची चॉप सुई हॉटेलं उघडली. मग मॅनेजरची खुर्ची आळीपाळीने. एक भागीदार वर्ष-दीड वर्ष मॅनेजर राहायचा, कागद करून घ्यायचा, गावी जाऊन यायचा. मग दुसऱ्याचा नंबर. आपल्या भिशीसारखंच जवळजवळ, फक्त इथे पैशांऐवजी हुद्दा उचलायचा. १९१० ते १९२० मध्ये न्यूयॉर्कमधली चिनी हॉटेलं चौपट झाली. अमेरिकनांना चिनी चव आवडू लागली होती हे खरंच, पण त्या वाढीत या निकालाचा हात मोठा होता.

आणि मग १९२४ चा कायदा आला. ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही अशांना स्थलांतरित म्हणून प्रवेशच बंद. दोन खटले सुप्रीम कोर्टात गेले, निकाल एकाच दिवशी लागला, २५ मे १९२५ ला. चिनी व्यापाऱ्यांच्या बायका-मुलांना परवानगी मिळाली, कारण चीनशी जुना करार होता. पण जे चिनी वंशाचे लोक अमेरिकेचे नागरिक होते, त्यांच्या चीनमधून येणाऱ्या बायकांना मनाई! परदेशी व्यापारी घरात बायको आणू शकतो आणि देशाचा नागरिक नाही. मला तरी यात न्याय कमी आणि शब्दांचा हिशोब जास्त दिसतो.

१९३० मध्ये थोडी सूट मिळाली, पण फक्त २६ मे १९२४ च्या आधी लग्न झालेल्या नागरिकांच्या बायकांना. बहिष्काराचे कायदे रद्द व्हायला १९४३ उजाडलं, आणि तेव्हाही चिनी लोकांसाठी ठरलेला कोटा होता वर्षाला १०५ जणांचा.