उंचावर हवा थंड का असते?

बेंगळुरूच्या आग्नेय भागातील सर्जापूर रोड परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. जवळजवळ त्याच अक्षांशावर, पूर्वेला सुमारे ३०० किलोमीटरवर, चेन्नई हे शहर समुद्रकिनारी वसले आहे. दोन्ही ठिकाणी सूर्य सारखाच माथ्यावर येतो. तरीही मे महिन्यात चेन्नईचे सरासरी कमाल तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, तर बेंगळुरूचे ३३ अंशांच्या आसपास असते. या फरकाचे प्रमुख कारण उंची हे आहे.

उंचावरील ठिकाण सूर्याला अधिक जवळ असल्याने तेथे अधिक उष्णता असावी, असा समज आढळतो. मात्र सूर्य पृथ्वीपासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्या तुलनेत एक किलोमीटरची उंची नगण्य ठरते.

सूर्यकिरणांमुळे हवा थेट फारशी तापत नाही. किरणांचा मोठा भाग वातावरणातून पार होऊन जमीन आणि पाणी तापवतो. तापलेला पृष्ठभाग ही उष्णता वरील हवेला देतो. म्हणजेच हवा प्रामुख्याने खालून तापते.

तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होत असल्याने ती प्रसरण पावते. या प्रसरणासाठी तिची स्वतःचीच ऊर्जा खर्च होते आणि ती थंड होते. सायकलच्या पंपात हवा दाबली असता पंप गरम होतो. येथे त्याच्या उलट क्रिया घडते. कोरडी हवा वर जाताना दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. बाष्पाचे ढगांत रूपांतर होताना उष्णता बाहेर पडत असल्याने दमट हवेत हा दर कमी असतो. वातावरणातील सरासरी घट दर किलोमीटरला ६.५ अंश मानली जाते. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वर उन्हाळ्यात सुखद वाटते, त्यामागेही हेच कारण आहे.

बेंगळुरूच्या बाबतीत या हिशेबाने चेन्नईशी सुमारे सहा अंशांचा फरक अपेक्षित आहे. प्रत्यक्षात दिवसा तो कमी भरतो. चेन्नईला समुद्रावरील वाऱ्याचा दिलासा मिळतो, तर विस्तीर्ण पठाराची जमीन स्वतः तापून तेथील हवा तापवते. त्यामुळे जमिनीचे स्वरूप महत्त्वाचे ठरते.

सर्जापूर रोड परिसरात गेल्या दोन-अडीच दशकांत शेतजमिनींच्या जागी निवासी संकुले आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये उभी राहिली. ओली माती, झाडे आणि तलाव यांतील पाण्याचे बाष्पीभवन होताना परिसरातील उष्णता शोषली जाते. काँक्रीट आणि डांबर मात्र दिवसभर उष्णता साठवून रात्री ती बाहेर सोडतात. उंचीमुळे मिळणारा गारवा त्यामुळे घटतो. एप्रिल २०१६ मध्ये बेंगळुरूत ३९.२ अंश तापमानाची नोंद झाली होती.

याच रस्त्यालगतच्या कैकोंड्रहळ्ळी तलावाचे नागरिकांच्या सहभागातून पुनरुज्जीवन करण्यात आले. असे तलाव आणि झाडे टिकवणे या दृष्टीने आवश्यक आहे. शहराची उंची बदलणार नाही. परंतु तिचा लाभ रहिवाशांना किती मिळेल, हे तेथील जमिनीच्या वापरावरही अवलंबून राहील.