चित्राला गाणं मागणारा मुलूख

'ट्टॉक्!' हा आवाज भा. रा. भागवतांनी कागदावर उमटवला आणि पुढच्या पिढ्यांनी तो आपापल्या कानात वाजवून घेतला. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवन शाळेतला किडकिडीत पोरगा, सायकलवर टांग मारली की सुसाट. त्याचा हा 'ट्टॉक्' प्रत्येक वाचकाच्या मनात वेगळा होता, कारण पुस्तकातल्या आवाजाला चाल नसते आणि ठेकाही नसतो. त्यामुळे २७ ऑक्टोबर २०१७ रोजी 'फास्टर फेणे' मोठ्या पडद्यावर आला, तेव्हा बन्या दिसतो कसा याच्याइतकंच महत्त्वाचं होतं तो ऐकू कसा येतो. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, बन्याच्या भूमिकेत अमेय वाघ आणि निर्मात्यांमध्ये रितेश व जिनिलिया देशमुख यांची 'मुंबई फिल्म कंपनी'. पुण्याच्या या पोराला पडद्यावर आणण्यात लातूरजवळच्या बाभळगावच्या देशमुखांच्या घराचा वाटा होता.

या योगायोगाच्या मागे मोठा इतिहास आहे. चित्रातली गोष्ट हलायला-बोलायला लागली की तिला साजेसं संगीत हवं, असा हट्ट आजचे चाहते धरतात. लातूर-नांदेडच्या पट्ट्यात हा हट्ट सिनेमाच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

निलंग्याच्या पुढे सीमा ओलांडली की बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण लागतं. हीच चालुक्यांची कल्याणी. बाराव्या शतकात इथल्या गादीवर असलेल्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावं, कसं खेळावं, हत्ती कसे पारखावेत, इथपासून गाण्यापर्यंत सगळं त्यात आहे. त्यातच रंगवलेल्या चित्रांच्या आधाराने कथा सांगणाऱ्या 'चित्रकथका'चा उल्लेख येतो. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंदही याच ग्रंथात आहे. चित्र दाखवून गोष्ट सांगणारा कलावंत आणि मुसळाच्या ठेक्यावर गाणारी बाई, दोघंही आठ-नऊशे वर्षांपूर्वी एकाच राजाच्या ग्रंथात बसलेले आहेत. तो राजा ज्या मुलखावर राज्य करत होता, त्यात आजचा लातूर-नांदेडचा भाग येत होता.

चित्रकथीची परंपरा पुढे दोन ठिकाणांच्या नावाने ओळखली गेली. एक कुडाळजवळचं पिंगुळी आणि दुसरं मराठवाड्यातलंच पैठण. पैठण शैलीच्या चित्रांत मोठाल्या डोळ्यांची, एका बाजूने दिसणारी माणसं असतात, रंग भडक आणि रेषा ठाम. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणजे एक पान उलटलं की लगेच दुसरा प्रसंग तयार. एका कथेच्या चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात. खेळ रात्रीचा. सूत्रधार फळीला टेकवून एकेक चित्र उभं करतो, हातात वीणा असते, बाजूला हुडुक आणि टाळ धरणारे साथीदार. वनवासाचं चित्र पुढे आलं की चाल संथ होते. राक्षस उभा राहिला की हुडुक घुमायला लागतो आणि साथीदार हुंकार भरतात. प्रेक्षकाला चित्र अर्धंच दिसतं, कारण उजेड मिणमिणता. उरलेलं अर्धं तो कानाने बघतो. ही कला सांभाळणारे पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

लहान मुलांच्या चित्रकथेत आज चौकटीमागून चौकट येते, तसंच हे होतं. फरक एवढाच की इथे प्रत्येक चौकटीला जिवंत आवाज होता.

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार, जनावरांची खरेदी-विक्री, कुस्त्या, तमाशाचे फड आणि देवस्वारी यांसाठी ती मराठवाड्याबाहेरही ठाऊक आहे. वाघ्या-मुरळीचं जागरण हा तिचा प्राण. दिमडी, तुणतुणं आणि घोळ एवढ्या तीन वाद्यांवर मल्हारीची आख्खी कथा उभी राहते. म्हाळसा कधी रुसली, बाणाई कशी आली, मणी-मल्ल कसे मारले गेले, हे सगळं चालीवरून कळतं. घोड्यावरचा खंडोबा, हातात उगारलेलं खड्ग, पायाशी दैत्य, ही टाकावर कोरलेली प्रतिमा घराघरातल्या देव्हाऱ्यात असते. रात्री वाघ्या तिला बोलतं करतो. लढाईचा प्रसंग आला आणि दिमडीची लय चढली नाही, तर समोर बसलेला शेतकरी ते चालवून घेत नाही. चित्र आणि आवाज यांचा मेळ बसला पाहिजे, हा आग्रह या प्रेक्षकाने असा पिढ्यान्‌पिढ्या जोपासला.

निजामाच्या राज्यात कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात सामील होईपर्यंत मराठवाड्यात मराठी तगली ती कीर्तनात, भजनात, जागरणात आणि जात्यावर. गोष्ट गाण्यातून ऐकायची, ही सवय त्यामुळे आणखी मुरली.

मग सिनेमा आला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला तेव्हा पडदा मुका होता, पण मूकपटांच्या खेळाला पडद्याजवळ पेटी-तबला घेऊन माणसं बसत. चित्रकथीतला हुडुकवाला जणू नवं वाद्य घेऊन थिएटरात आला. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' बोलला आणि गायलाही. संगीत गोविंदराव टेंब्यांचं. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये तर नवल घडलं. शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं आणि केशवराव भोळ्यांनी चाल लावलेलं एक पद लोकांनी तुकोबांचाच अभंग म्हणून स्वीकारलं. भलेभले जाणकार फसले. प्रेक्षकाच्या मनात तुकाराम आधीपासून गातच होता. भोळ्यांची चाल त्या मनातल्या गाण्याच्या इतकी जवळ गेली की जोड दिसेना.

ही कसोटी अवघड आहे. लोकांच्या ओळखीची कथा पडद्यावर आणणाऱ्या प्रत्येक संगीतकाराला ती द्यावीच लागते.

जत्रांमधून हा सिनेमा तंबूत पोचला. ट्रकवर प्रोजेक्टर, खांब आणि कनाती लादून टुरिंग टॉकीज एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेला जात. तंबूवर कर्णा बांधलेला असे. खेळ अंधार पडल्यावरच सुरू व्हायचा, पण कर्णा दुपारपासून गाणी ओकायचा. शेजारी-शेजारी दोन-तीन तंबू असले की कर्ण्यांची लढाई लागे आणि ज्याचं गाणं जोरात त्याच्याकडे गर्दी वळे. आत जमिनीवर बसकण मारलेल्या माणसाला सिनेमाची चाल आधीच पाठ झालेली असे. चित्रपटाआधी त्याचं संगीत बाहेर काढायचं, ही आजच्या निर्मात्यांची युक्ती यात्रेतल्या कर्णेवाल्यांनी फार पूर्वीच वापरली होती.

चित्रांची गोष्ट तोवर कागदावरही येऊ लागली होती. 'चांदोबा' मराठीत १९५२ साली सुरू झाला. त्यामागे मद्रासचे बी. नागिरेड्डी आणि चक्रपाणी होते आणि याच जोडीच्या विजया प्रॉडक्शन्सने १९५७ मध्ये तेलुगू 'मायाबझार' काढला. घटोत्कचाच्या मायेची ती गोष्ट. संगीताची सुरुवात एस. राजेश्वर राव यांनी केली आणि घंटसालांनी ते पूर्णत्वाला नेलं. देगलूर, बिलोली, धर्माबाद ही नांदेड जिल्ह्याची कड तेलुगू मुलखाला लागून आहे. तिथल्या बाजारात दोन्ही भाषा चालतात. 'चांदोबा'तलं राक्षसाचं चित्र आणि 'मायाबझार'मधला गदा फिरवणारा घटोत्कच एकाच घरातून निघालेले होते. मासिकातली रंगीत माया मुकी होती, पडद्यावरची गात होती.

पुढे १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स आलं आणि परदेशी फँटम मराठीत 'वेताळ' झाला. १९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. त्या मालिकेतल्या 'शिवाजी' या अंकाचं लेखन भा. रा. भागवतांचं आणि चित्रं प्रताप मुळीक यांची. म्हणजे फास्टर फेणेला जन्म देणाऱ्या लेखणीनेच महाराजांची गोष्ट चौकटींमध्ये बसवली. भागवतांनी १९५१ साली 'बालमित्र' मासिक काढलं होतं; मुलांना वेग कळतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर फास्टर फेणेची मालिका झाली आणि सुमित राघवन घरोघर बन्या म्हणून ओळखला गेला.

२०१७ च्या चित्रपटाने बन्याला शाळेतून बाहेर काढलं. तो वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो, परीक्षेला भेटलेला मुलगा मरण पावतो आणि प्रवेशाच्या काळ्या बाजाराचा माग सुरू होतो. लातूरच्या प्रेक्षकाला ही कथा परकी नव्हती. 'लातूर पॅटर्न'ने नाव कमावलेल्या या शहरात खोली करून राहणारी, पहाटेपासून रात्रीपर्यंत डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणारी हजारो पोरं आहेत. संगीतासाठी मात्र निर्मात्यांनी जुन्या दिवसांची हळवी चाल टाळून आजचा शहरी, वेगवान ठेका निवडला. 'फाफे' हे गाणं त्याच वळणाचं. भागवतांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर होते, त्यामुळे जुन्या वाचकाला आपला लेखक पडद्यावर भेटला. तो ठेका पटला की नाही, हे ज्याच्या त्याच्या कानावर अवलंबून होतं; पण बन्याचा वेग सुरांत यायला हवा, ही अपेक्षा रास्त होती.

जगभर हेच चालतं. १९७८ च्या 'सुपरमॅन'साठी जॉन विल्यम्सने रचलेली धून प्रेक्षकांनी अशी आपलीशी केली की २००६ मध्ये नवा नट, नवा दिग्दर्शक आला तरी ती ठेवावी लागली आणि २०२५ च्या चित्रपटातही ती पुन्हा वाजली. वीरनायकाचा झगा बदलला तर चालतो, धून हरवली की चाहता अस्वस्थ होतो. माळेगावच्या वाघ्याला यात नवीन काही वाटणार नाही. खंडोबाच्या लढाईची लय त्यालाही बदलता येत नाही.

आता तोच लातूरचा निर्माता शिवरायांकडे वळला. 'राजा शिवाजी'ची घोषणा रितेश देशमुखने १९ फेब्रुवारी २०२४ ला केली. दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका त्याचीच, संगीत अजय-अतुल यांचं आणि प्रदर्शनासाठी १ मे २०२६ ही तारीख जाहीर झाली. या जोडीचं आणि रितेशचं नातं जुनं आहे. २०१४ चा 'लय भारी', २०१८ चा 'माउली', २०२२ चा 'वेड', तिन्हींचं संगीत त्यांचंच. 'लय भारी'तल्या माउलीच्या गाण्याने वारी थिएटरात आणली. 'सैराट'साठी २०१६ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत सिम्फनीचा वाद्यवृंद वाजवून घेतला. अपेक्षा वाढतात त्या इथूनच.

महाराजांच्या कथेला संगीत तर त्यांच्या हयातीतच मिळालं होतं. अज्ञानदासाने रचलेला अफझलखान वधाचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो. म्हणून शिवचरित्र पडद्यावर आणणाऱ्याला कोऱ्या पाटीवर लिहिता येत नाही. डफ आणि तुणतुणं त्याच्या आधीच तिथे उभं असतं. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला लिहिलेली दीर्घ प्रस्तावना इथे उपयोगी पडते. लढाया आणि शौर्याच्या गोष्टी यांपलीकडचा शिवाजी, राज्य उभारणारा आणि रयतेला ते राज्य आपलं वाटायला लावणारा शिवाजी, कुरुंदकरांनी त्यात उभा केला. पीपल्स कॉलेजच्या या प्राचार्यांचा नाट्यशास्त्राचा आणि संगीताचाही गाढा अभ्यास होता.

त्यांच्या शिवाजीला केवळ नगारे आणि तुताऱ्या पुरणार नाहीत. तोरणा घेतानाचा जल्लोष हवा, तसा शेतसारा ठरवतानाचा, जमिनीची मोजणी होतानाचाही सूर हवा. मोठा वाद्यवृंद जरूर असावा, पण त्याच्या पुढे माळेगावच्या दिमडीवाल्याला, गोंधळातल्या संबळवाल्याला आणि जात्यावर ओवी गाणाऱ्या आजीला मायक्रोफोन मिळायला हवा, नावानिशी श्रेय आणि पुरता मेहनताना देऊन. लातूर-नांदेडच्या तालुक्यातालुक्यांत हे वाजवणारे-गाणारे आजही आहेत. चित्रकथांवरचे पुढचे चित्रपट जे कोणी काढतील, त्यांनी चाल बांधायला बसण्याआधी मार्गशीर्षात माळेगावला येऊन एक जागरण सुरुवातीपासून उजाडेपर्यंत ऐकावं.