गोदूबाई ते आनंदीबाई

१८९१ साली राधाबाई वारल्या तेव्हा धोंडो केशव कर्वे ३३ वर्षांचे होते. त्याच वर्षी ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. अशा विधुराला स्थळांची वाण नव्हती. कोवळ्या वयाची मुलगी पाहून संसार पुन्हा मांडावा, ही रीतच होती. कर्व्यांनी ठरविले: विवाह केला तर विधवेशीच, नाहीतर एकटे राहावे.

त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालविधवा. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झालेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. तरी आपल्याला कुणी मागणी घालील, हा विचारही अशा स्त्रीस वर्ज्य होता. सदनातील शिक्षणाने तो करण्याइतकी मोकळीक दिली, असे म्हणता येईल.

यास प्रेमविवाह म्हणणे धाडसाचे ठरेल (बोलणी वडीलधाऱ्यांमार्फतच झाली), पण गोदूबाईंचा होकार त्यांचा स्वतःचा होता. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात विवाह झाला. गोदूबाई आनंदीबाई झाल्या. मुरूडच्या ग्रामस्थांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला, आणि त्याची झळ गावी राहणाऱ्या त्यांच्या आप्तांनाही सोसावी लागली. पुढे ‘बाया कर्वे’ म्हणून ओळखल्या गेलेल्या आनंदीबाईंनी ही हकिकत स्वतःच सांगितली. त्या आत्मकथनाचे नाव ‘माझे पुराण’.