लहान मोटार आणि आघाताचे गणित

मी भाषेचा अध्यापक. पदार्थविज्ञानावर बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. तथापि पुणे-बंगळूर महामार्गाने निपाणीहून बेळगावला येताना तवंदी घाटात मालमोटारींच्या मधून वाट काढणारी लहान मोटार ज्याने पाहिली आहे, त्याला हा विषय परका वाटू नये.

आमच्या पिढीची एक ठाम समजूत होती : अँबॅसडर म्हणजे लोखंड आणि डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० म्हणजे पत्र्याचा डबा. या समजुतीत अर्धे सत्य आहे. आठशे व सोळाशे किलोंच्या दोन मोटारी ताशी ६० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर संवेग अक्षय्यतेच्या सिद्धान्तानुसार दोन्ही जड मोटारीच्या दिशेने ताशी २० किलोमीटर वेगाने सरकतील. म्हणजे जड मोटारीचा वेग ४० ने बदलला, हलक्या मोटारीचा ८० ने. समोर सोळा टनांची मालमोटार असेल तर हलकीच्या वाट्याला सुमारे ११४ येतात, मालमोटारीच्या वाट्याला जेमतेम ६. हा अन्याय कोणत्याही कारागिराला पुसता येत नाही.

मात्र न चेपणारे लोखंड माणसाला वाचवते, हे खरे नाही. वेग किती अंतरात नाहीसा होतो, यावर इजा अवलंबून असते. ताशी ६४ किलोमीटरचा वेग साठ सेंटिमीटरांत थांबला, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी २७ पट भार येतो. अंतर निम्मे झाले की भार दुप्पट. म्हणून मोटारीचे नाक चेपावे आणि बसण्याची जागा अभंग राहावी, ही मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांची कल्पना. १९५९ च्या मोटारीत ती प्रत्यक्षात उतरली.

आपल्याकडे हा हिशेब चव्हाट्यावर आला तो जानेवारी २०१४ मध्ये. ग्लोबल एनकॅप या संस्थेने अल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो यांचे एअरबॅग नसलेले नमुने ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवले. प्रौढांच्या संरक्षणासाठी पाचही मोटारींना शून्य तारे मिळाले! परंतु पहिल्या तिघींचा सांगाडाच टिकला नाही. फिगो व पोलो यांचा टिकला. चाकणला तयार होणाऱ्या पोलोत दोन एअरबॅग बसवताच तिने चार तारे मिळवले. वजन जवळपास तेच होते. २०१८ मध्ये रांजणगावच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले.

हे तारे साधारण आपल्याच वजनाच्या मोटारीशी होणाऱ्या टकरीचे असतात, एवढे विसरू नये. घाटात उभ्या मालमोटारीच्या पाठीत लहान मोटार शिरते, तेव्हा तिचे नाक हौद्याखाली जाते; चेपायला त्याला काही सापडतच नाही आणि आघात थेट काचेवर येतो. तेथे उपयोगी पडते ती मालमोटारीच्या मागे, खाली लावलेली मजबूत आडवी दांडी.