खादाड माशांचे पाणी

ऑस्कर मासा दुकानातून आणताना बोटभर असतो आणि पोटभर खायला मिळाले की वर्ष-दीड वर्षात फुटाच्या घरात जातो. अन्न चघळताना त्याचा बराचसा चुरा तो कल्ल्यांतून बाहेर सोडतो. शिवाय वाळू उकरतो, झाडे उपटतो. गोल्डफिश आणि फ्लॉवरहॉर्न त्याच पंगतीतले. अशा माशांसाठी चार-पाचशे लिटरची टाकी घेतली की फिल्टरबद्दल पहिली चौकशी होते ती तासाला किती लिटर पाणी ओढतो याची. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. पाणी फिरताना कशावरून जाते आणि अडकलेली घाण वरचेवर टाकीबाहेर काढता येते का, यावर सगळे ठरते. मत्स्यालयांचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हेच सांगतो. फक्त तो थोडा रसायनशास्त्रात, थोडा शेतीशास्त्रात आणि बराचसा सांडपाण्याच्या अभ्यासात विखुरलेला आहे.

लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1849 मध्ये एका पात्रात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. काही दिवसांनी जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले, तेव्हा त्यांनी गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. वनस्पतीने प्राणवायू द्यायचा, माशाने कर्बवायू सोडायचा, गोगलगायीने झाडलोट करायची असा हा समतोल होता. पुढच्या वर्षी तो केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि घरोघरी काचेच्या टाक्या ठेवण्याच्या इंग्लंडातल्या हौसेला त्यातून बळ मिळाले. प्रयोग खराच होता, पण तो टिकला मासे दोनच आणि लहान होते म्हणून. मासा मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, आणि त्या अमोनियाचा हिशेब या मांडणीत कुठेच नव्हता. आजही ‘भरपूर झाडे लावा, फिल्टर लागत नाही’ असे सांगितले जाते. बारक्या माशांच्या टाकीत ते पटण्यासारखे आहे. ऑस्करच्या टाकीत झाड आठवडाभर जागेवर राहिले तरी पुष्कळ.

पुढचे पाऊल विल्यम आल्फर्ड लॉइड यांचे. 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये उघडलेल्या मत्स्यालयात त्यांनी प्रदर्शनाच्या टाक्यांखाली त्यांच्या कैकपट पाणी मावेल असा अंधारा हौद ठेवला आणि पंपाने पाणी अखंड वर-खाली फिरवले. अंधारात शेवाळ वाढत नाही आणि मोठ्या साठ्यात घाण विरळ होते, हा त्यांचा विचार. दिसणारी टाकी लहान, न दिसणारे पाणी जास्त, ही कल्पना मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते. त्या हौदाच्या भिंतींवर आणि नळांच्या आत जिवाणू काम करत होते, हे मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

ते कळले सांडपाण्यामुळे. 1877 मध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या मीटरभर लांबीच्या नळीतून सांडपाणी थेंबथेंब सोडले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले, आणि मातीचे पाणी ओतल्यावर काही दिवसांनी पुन्हा सुरू झाले. म्हणजे काम वाळूचे नव्हते, वाळूवर वसलेल्या जिवांचे होते. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट, हे दोन टप्पे दोन वेगळे जीव पार पाडतात, हे रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात दाखवले तेही रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीच. गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टन यांचे हे चिरंजीव. वडिलांच्या मांडणीत राहिलेली उणीव मुलाने भरून काढली, पण मत्स्यालयासाठी नव्हे, शेतातल्या मातीसाठी. हे जिवाणू वेगळे काढण्यात 1890 मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांना यश आले.

घरगुती टाकीपर्यंत हे ज्ञान यायला फार वेळ लागला. विसाव्या शतकाच्या मध्यावर खडीखालची जाळी लोकप्रिय झाली: खडीच गाळणी, खडीच जिवाणूंचे घर. खादाड माशांपुढे ती हरते, कारण विष्ठा आणि चुरा याच घरात तुंबतो आणि मासा ते घर उकरून ठेवतो. मग बंद डब्याचा कॅनिस्टर आला. तो आटोपशीर असतो, आवाज करत नाही, कॅबिनेटमध्ये मावतो. दीडदोनशे लिटरच्या टाकीला मीही तोच सुचवीन. पण मोठ्या टाकीत त्याच्यात अडकलेली घाण डोळ्यांआड होते, पाण्याबाहेर जात नाही. डबा उघडेपर्यंत ती त्याच पाण्यात कुजत राहते, आणि दर दोन दिवसांनी डबा उघडण्याचा उत्साह कोणाला टिकत नाही.

म्हणून लॉइड यांचा हौद लहान रूपात टाकीखाली आणावा, म्हणजे संप करावा. टाकीतून ओव्हरफ्लोने खाली उतरणारे पाणी आधी फिल्टर सॉक किंवा स्पंजमधून जावे आणि तो दोन-तीन दिवसांनी सहज बाहेर काढता यावा. मगच पाणी सिरॅमिक रिंग किंवा लाव्हा रॉकवर पडावे. घाण धरणारी जागा आणि जिवाणूंची जागा वेगळी झाली की एक धुताना दुसरीला धक्का लागत नाही.

वीज गेली की संप सांडतो, असा आक्षेप घेतला जातो. संपात वरून उतरणाऱ्या पाण्यापुरती जागा मोकळी ठेवली, तर सांडत नाही. उलट लोडशेडिंगमध्ये खरा धोका बंद डब्याला असतो. आतला प्राणवायू जिवाणू लवकरच संपवतात, मग ते गुदमरतात आणि वीज आली की ते कुजके पाणी थेट टाकीत येते. संपातल्या उघड्या, ओल्या रिंगांवरचे जिवाणू तोवर हवेतून श्वास घेत असतात.

दुसरा आक्षेप असा की एवढे करूनही पाणी बदलावेच लागते. ते खरे आहे. नायट्रेट साठतच जाते आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी बदलणे या माशांना चुकत नाही. त्या काढलेल्या पाण्यातच स्पंज पिळावा आणि गरज पडल्यास रिंगा खळबळाव्यात. नळाखाली धुतल्या, तर नगरपालिकेच्या पाण्यातले क्लोरीन श्लोसिंग-म्युंट्झ यांच्या क्लोरोफॉर्मसारखेच काम करते, आणि वसाहत पुन्हा उभी राहीपर्यंत अमोनियाचा मारा माशांच्या कल्ल्यांवर होतो.