हाली, कळदार आणि दयेचा अर्ज

'बट्टा' या शब्दाचे दोन अर्थ मराठीत शेजारी नांदतात. एक नाणे देऊन दुसरे घेताना होणारी वजावट म्हणजे बट्टा. आणि नावाला लागतो तोही बट्टाच. पहिला अर्थ दुसऱ्याकडे कसा सरकतो, हे पाहण्यासाठी १९४७-४८ मधील अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पूर्वसीमेकडे जावे, असे आम्हांस वाटते.

नेवासे, शेवगाव, पाथर्डी, जामखेड हे तालुके तेव्हा मुंबई प्रांतात होते. पलीकडचे बीड आणि औरंगाबाद हे जिल्हे निजामाच्या राज्यात. प्रवरासंगमाजवळ गोदावरी ओलांडली की राज्य बदले, आणि राज्याबरोबर रुपयाही. अलीकडे कळदार, पलीकडे हाली शिक्का. 'कळदार' म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. 'हाली' म्हणजे सध्या चालू असलेला. सात हालींना सहा कळदार हा सर्वसाधारण दर. भाषा एक, दैवते एक, बाजार आणि सोयरिकी दोन्ही काठांवर. त्यामुळे नाण्यांची अदलाबदल ही तेथील जगण्याची साधी गरज होती.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर थोड्याच काळात निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू भारतात नेण्यावर निर्बंध घातले. दुसऱ्याने हैदराबाद राज्यात भारतीय चलन अवैध ठरवले. भारत सरकारने हा कराराचा भंग मानला. सीमेवर रझाकारांची दहशत, आर्थिक कोंडी आणि राज्य काँग्रेसचा सशस्त्र प्रतिकार वाढत असता खिशातला कळदार रुपया ही एक राजकीय भूमिका होऊन बसली.

येथे दयेचा प्रश्न अवघड होतो. दयेचा अर्ज म्हणजे आधी गुन्ह्याची कबुली, आणि तो गुन्हा ठरवणाऱ्या सत्तेचीही. कळदार बाळगल्याबद्दल निजामापुढे पदर पसरायचा, तर भारताचा रुपया परका आहे हे मान्य करावे लागणार. न पसरावा, तर दुकान आणि घर पणाला. आदर्शाच्या नावाखाली अशा माणसाला भित्रा म्हणणे सोपे आहे; आम्हांस ते न्याय्य वाटत नाही.

त्याच काळातली दुसरी घटना याच्याशी ताडून पाहावी. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे स्वातंत्र्यसैनिकांनी बँक लुटली. कायद्याच्या भाषेत तो दरोडा. पण मराठवाड्याच्या इतिहासाने त्याची नोंद मुक्तिसंग्रामातील पराक्रम म्हणून केली, आणि ते योग्यच झाले. त्या कृतीमागे ध्येय होते, संघटना होती, पुढे लिहिणारेही लाभले. सराफाच्या वहीमागे यांपैकी काहीच नव्हते.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत लष्करी कारवाई पूर्ण झाली आणि निजामाची सत्ता संपली. क्षमा करणारा हातच उरला नाही. गंमत अशी की हाली नाणे त्यानंतरही काही वर्षे कळदाराच्या जोडीने, त्याच सातास सहा दराने, उजळ माथ्याने चालत राहिले. व्यवहार तोच होता. मधल्या काही महिन्यांपुरती त्याला अपराधाची छाया पडली होती.

मुक्तिसंग्रामाचे वाङ्मय शिकवताना आपण त्यागाची भाषा विद्यार्थ्यांपुढे ठेवतो, ती ठेवलीच पाहिजे. पण दोन सत्तांच्या मध्ये सापडलेल्या, कोणाचीही क्षमा मागण्याची वेळ यावी असे काहीच न केलेल्या माणसाची भाषाही त्या वाङ्मयात शोधायला हवी. नावाला लागलेला बट्टा पुसण्यासाठी राजाची दया लागत नाही. इतिहासाने नीट वाचणे पुरते.