स्काऊट मुलं आणि ‘शांतता’: ‘मेसेंजर्स ऑफ पीस’ म्हणजे नेमकं काय?

शाळेत तुम्ही स्काऊट किंवा गाईडमध्ये होतात का? असाल तर दोरीच्या गाठी, शिबिरात तीन दगडांच्या चुलीवर शिजवलेली अर्धीकच्ची खिचडी आणि ‘खरी कमाई’साठी सोसायटीतल्या गाड्या पुसून मिळवलेले दहा-वीस रुपये आठवत असतील. ‘शांतता’ हा शब्द मात्र बहुतेकांना आठवणार नाही. तो आठवला तरी वर्गात बाई ओरडायच्या त्या अर्थाने.

पण जागतिक स्काऊट चळवळ गेली अनेक वर्षं स्वतःची ओळख शांततेसाठी काम करणारी चळवळ अशीच करून देते. युनेस्कोचा शांतता शिक्षणासाठीचा पुरस्कार १९८१ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा पहिल्याच वर्षी तो जागतिक स्काऊट संघटनेला मिळाला. २०११ पासून ‘मेसेंजर्स ऑफ पीस’, म्हणजे ‘शांतिदूत’, नावाचा उपक्रम जगभर चालू आहे. भारतात तो ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’मार्फत चालतो. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या, रोज अंधेरी-घाटकोपर मेट्रोत चेंगरणाऱ्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, ते पाहू.

उपक्रम काय आहे?

सप्टेंबर २०११ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाह शहरात सौदीचे राजे अब्दुल्ला आणि स्वीडनचे राजे कार्ल सोळावे गुस्ताफ यांच्या उपस्थितीत हा उपक्रम सुरू झाला. कल्पना अगदी साधी आहे. जगात कुठल्याही गावात स्काऊटांनी समाजासाठी काम केलं की त्याची नोंद करायची, किती जणांनी किती तास दिले ते सांगायचं आणि ते इतर देशांतल्या मुलांना दिसेल असं मांडायचं. बरोबर एक बिल्लाही असतो. जागतिक स्काऊट बिल्ल्याभोवती गोल कड्यासारखा तो शिवतात.

यात ‘शांतता’ म्हणजे फक्त युद्ध नसणं, असं धरलेलं नाही. एक, माणसाच्या स्वतःच्या मनातली शांतता. दोन, समाजातली, म्हणजे एकमेकांशी वैर नसणं. तीन, माणूस आणि परिसर यांच्यातली. म्हणून ओढ्यातला कचरा काढणंही त्यात बसतं आणि दोन भांडणाऱ्या गटांना एकत्र बसवणंही. व्याख्या इतकी ऐसपैस आहे की जवळपास काहीही त्यात घुसवता येतं. हीच या उपक्रमाची सोय आणि हाच त्याचा धोका. त्याकडे पुढे येऊ.

सैनिकाने सुरू केलेली शांततेची चळवळ

स्काऊटिंगचा संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल ब्रिटिश लष्करातला अधिकारी. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात माफेकिंगच्या वेढ्यात (१८९९-१९००) त्याचं नाव गाजलं. तिथे मुलांनी निरोप पोचवण्याची कामं चोख केली, हे त्याने पाहिलं होतं. पुढे ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर त्याने मुलांचं पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं. त्यात श्रीमंत शाळांतली मुलं आणि साध्या घरांतली मुलं मुद्दाम एकत्र ठेवली होती. ही बाब लक्षात ठेवा, मुंबईच्या संदर्भात ती परत लागणार आहे.

पहिल्या महायुद्धानंतर चळवळीचा रोख बदलला. १९२० मध्ये लंडनला पहिली जागतिक जांबोरी, म्हणजे देशोदेशींच्या स्काऊटांचा मेळावा, भरली. त्यानंतर इतर देशांतल्या मुलांशी मैत्री हा स्काऊटिंगचा मुख्य भाग झाला. आज जागतिक संघटनेत १७० हून अधिक देश आहेत आणि सदस्यसंख्या पाच कोटींच्या वर आहे.

भारतात सुरुवात भेदभावाने

भारतात १९०९ मध्ये बंगळुरूला पहिलं पथक निघालं, पण ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद. मग आपल्या लोकांनी स्वतःच्या संघटना काढल्या. मद्रासकडे ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी, अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीतर्फे. मेळ्यांमध्ये यात्रेकरूंना मदत, हरवलेल्या माणसांची चुकामूक सोडवणं, साथीच्या रोगांत धावून जाणं, असा सेवेचा ठसा भारतीय स्काऊटिंगवर तिथून पडला.

बेडन-पॉवेल १९२१ मध्ये भारतात आला, काही संघटना जोडल्या गेल्या, पण सगळ्या नाहीत. बंधुभाव शिकवणाऱ्या या संघटनांना स्वतः एकत्र यायला स्वातंत्र्यानंतरचीही तीन वर्षं लागली. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, मुंबईचे मंगलदास पकवासा, नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस अशा अनेकांच्या खटपटीनंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स स्थापन झाली. १५ ऑगस्ट १९५१ ला गाईड्सची, म्हणजे मुलींची, संघटनाही तिच्यात आली. म्हणूनच दरवर्षी ७ नोव्हेंबरला शाळेत स्काऊटचा स्थापना दिन होतो.

एनसीसी, एनएसएस आणि आरएसपीपेक्षा वेगळं काय?

हे चारही लोक एकमेकांत मिसळतात. एनसीसी १९४८ ची, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली. एनएसएस १९६९ मध्ये सुरू झाली आणि मुख्यतः कॉलेजात असते. आरएसपीची मुलं वाहतुकीचे नियम शिकतात. स्काऊट-गाईड ही सैनिकी नसलेली, स्वेच्छेची संघटना आहे आणि पहिली-दुसरीच्या वयापासून सुरू होते. लहान मुलगे ‘कब’, लहान मुली ‘बुलबुल’, मग ‘स्काऊट’ आणि ‘गाईड’, आणि कॉलेजच्या वयात ‘रोव्हर’ आणि ‘रेंजर’.

तिचा गाभा आहे संघ पद्धत. सहा-आठ मुलांचा एक संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक, असे काही संघ मिळून पथक. स्वयंपाक कोण करणार, पाणी कोण आणणार हे मोठी माणसं ठरवत नाहीत. ज्याच्याशी पटत नाही त्याच्याबरोबर तंबू उभारावा लागतो, कारण तो एकट्याने उभा राहत नाही. शांततेचं शिक्षण म्हणून मला तरी भाषणांपेक्षा हे जास्त पटतं.

रेल्वेचाही एक गमतीदार भाग आहे. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये रेल्वेच्या प्रत्येक झोनला वेगळ्या राज्यासारखं स्थान आहे. म्हणजे अंधेरी-बोरिवलीच्या रुळांवर पश्चिम रेल्वेचे स्काऊट आणि मुलुंड-घाटकोपरला मध्य रेल्वेचे. एकाच शहरातली ही मुलं संघटनेच्या कागदावर दोन वेगळ्या ‘राज्यां’ची.

उपनगरांत शांतता म्हणजे कुठला प्रश्न?

इथे ‘शांतता’ हा पुस्तकी विषय नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत ९०० माणसं गेली, असं श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं. अंधेरीला लागून असलेल्या जोगेश्वरीतली राधाबाई चाळीची घटना त्याच काळातली. त्यानंतर अनेक कुटुंबांनी मिश्र वस्त्या सोडल्या आणि ‘आपल्या’ माणसांत घरं घेतली. रस्त्याच्या या बाजूला एक वस्ती, त्या बाजूला दुसरी, अशी विभागणी जास्त ठळक झाली.

त्यावर शहराने एक उत्तरही शोधलं. १९९४ मध्ये मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली. त्यात तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांचा पुढाकार होता. दोन्ही समाजांतली माणसं आणि पोलीस नियमित भेटतात, अफवा पसरली की एकमेकांना फोन करतात, पोलीस आणि वस्तीतल्या तरुणांचे क्रिकेट सामने होतात. तणाव असताना काम करायचं ते याच मोठ्या माणसांनी. गणवेशातल्या मुलांना तिथे पाठवणं चूकच.

मुलांचं काम तणाव नसतानाचं आहे. आणि अडचण नेमकी इथेच येते. आपल्याकडे स्काऊट पथक बहुतेक वेळा शाळेचं असतं. शाळा वस्तीची असते, माध्यमाची असते, फीच्या पट्टीची असते. उर्दू माध्यमाच्या शाळेचं पथक वेगळं, मराठीचं वेगळं, महागड्या इंग्रजी शाळेचं वेगळं, महापालिकेच्या शाळेचं वेगळं. प्रत्येक पथकाने आपापल्या जागी मन लावून सेवा केली, तरी मुलं एकमेकांना भेटतच नाहीत. वर्षभर शांततेचा उपक्रम करूनही पलीकडच्या गल्लीतल्या एकाही मुलाचं नाव माहीत नाही, असं सहज होऊ शकतं. ब्राउनसीवर जे मुद्दाम केलं होतं, ते इथे आपोआप होणार नाही.

मग चांगला प्रकल्प कसा दिसेल?

एक उदाहरण घेऊ, काल्पनिक. घाटकोपर पश्चिमेला असल्फ्याची टेकडी आहे. डोंगरउतारावर दाटीने घरं. अशा वस्त्यांत नळाला पाणी ठरावीक वेळच येतं, म्हणून लोक पिंपात भरून ठेवतात. डेंग्यूचा एडिस डास अशाच साचवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून महापालिका आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगते. त्या दिवशी पिंप रिकामं करायचं आणि आतून घासायचं.

आता दोन वेगळ्या शाळांची पथकं मिळून हे काम घेतात असं धरा. संघ मुद्दाम मिसळायचे, म्हणजे प्रत्येक संघात दोन्ही शाळांची मुलं. दर शनिवारी तीच मुलं त्याच चाळीस घरांत जातात, पिंपांवर झाकण आहे का पाहतात, वहीत लिहितात. एकदा जाऊन पत्रक वाटण्याने डासाला काही फरक पडत नाही, त्याचं चक्र आठवड्याचं आहे. तेव्हा पुन्हा पुन्हा जावंच लागतं. पुन्हा पुन्हा गेल्यावर तिसऱ्या शनिवारी घरातल्या काकू दारात चहा घेऊन उभ्या असतात आणि मुलांना एकमेकांच्या सणांच्या सुट्ट्या कधी हे पाठ होतं. आरोग्याचं काम आणि ओळखीचं काम एकाच वेळी होतं. ‘एकात्मता’ हा शब्द कुणी उच्चारावाही लागत नाही.

पुन्हा पुन्हा जाण्याचं महत्त्व अंधेरीकरांना वेगळं सांगायला नको. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोझ शाह यांनी कचरा उचलायला सुरुवात केली आणि शनिवार-रविवार ते चालू ठेवलं. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार दिला. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. तो स्काऊटांचा प्रकल्प नव्हता. पण ‘एक दिवस स्वच्छता, बॅनरसह फोटो’ आणि खरं काम यांतला फरक त्यातून कळतो. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या लोकांशी हात मिळवल्याशिवाय ते शक्यही नव्हतं.

गुणांसाठी की सेवेसाठी?

प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार, अशी स्काऊट-गाईडची चढती पायरी आहे. वरचे पुरस्कार मिळवणाऱ्यांना महाराष्ट्रात दहावीला सवलतीचे गुणही मिळतात. त्यामुळे आठवी-नववीत पथकं फुगतात आणि परीक्षा झाली की रिकामी होतात, ही अनेक स्काऊट मास्टरांची जुनी तक्रार. गुण देऊ नयेत असं मी म्हणणार नाही. चाळीत राहणाऱ्या मुलाला त्या चार गुणांनी कॉलेज बदलून मिळत असेल तर ते त्याने कमावलेले आहेत. पण तास मोजणाऱ्या ‘मेसेंजर्स ऑफ पीस’सारख्या उपक्रमात हीच गोची मोठी होते. पन्नास मुलांनी चार तास रॅली काढली की दोनशे तास जमा. रॅलीनंतर काय बदललं, हा रकाना त्यात भरावा लागत नाही.

म्हणून शाळेच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर अशा उपक्रमाची पोस्ट आली तर तीन गोष्टी विचारा. काम कुणाच्या सांगण्यावरून निवडलं, वस्तीतल्या लोकांच्या की शाळेच्या? मुलं परत तिथे गेली का? आणि आपल्या शाळेबाहेरचं कोण त्यांच्यात होतं?

मुलाला किंवा मुलीला घालायचं असेल तर

आधी शाळेत विचारा, स्काऊट मास्टर किंवा गाईड कॅप्टन आहेत का. अनेक शाळांत पथक कागदावर असतं आणि शिक्षकांवर इतर कामांचा बोजा असल्याने ते चालत नाही. शाळेत नसेल तर ‘ओपन ग्रुप’ची चौकशी करा. ही पथकं एका शाळेला बांधलेली नसतात, त्यामुळे तिथे वेगवेगळ्या घरांतली मुलं भेटण्याची शक्यता जास्त. दादरला शिवाजी पार्कवरच्या स्काऊट हॉलमध्ये माहिती मिळू शकते. नाव सारखं असलेल्या इतर संघटनाही आहेत, तेव्हा नोंदणी नेमकी कुणाकडे होते ते आधी पाहून घ्या.

मुलींसाठी आणखी एक ठिकाण जवळच आहे. गर्ल गाईड्सच्या जागतिक संघटनेची जगात मोजकीच जागतिक केंद्रं आहेत, त्यांतलं ‘संगम’ पुण्यात आहे, १९६६ पासून. देशोदेशींच्या मुली तिथे येऊन राहतात आणि पुण्यातल्या स्थानिक संस्थांबरोबर काम करतात. मुलुंडहून सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाआधी पोचता.